न शिवता

बाहेर चव्वेचाळीस. आत, डब्याच्या पोटात,
चार केल्विन.
नायोबियमची तार, केसाचा हजारावा भाग,
रोध शून्य.
वीज तिच्यातून अशी जाते
की गेल्याचं तारेलाही कळत नाही.

शेजारी दुसरी तार. मध्ये फट.
तिला मी व्होल्ट देते: दहा, वीस, तीस.
पुस्तकात लिहिलंय, बाहेरचं क्षेत्र धातूत शिरत नाही,
कातडीवरच विझतं.
अडतिसाला पडद्यावर रेघ उठली.
तार पुन्हा साधी, रोधवाली.
उलटे दिले, उणे अडतीस.
तरी तेच.

बिराजदार सर म्हणाले, गळती असेल,
चार-दोन इलेक्ट्रॉन फट ओलांडून जात असतील.
मी वहीत लिहिलं, गळती,
आणि पुढचं प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलं.

रात्री अक्कलकोट रोडला, शेडमध्ये,
नायना फरशीवर पाणी शिंपडत होते.
त्यांना सांगितलं.
माग न थांबवता, खटखटीच्या वरून ओरडले:
वैशाखात ताणा असाच जातो गं,
कुणी हात न लावता!
हवेचंच असतं काहीतरी.
तेवढ्यात एक धागा गेलाच.
माग थांबला. टोकं सापडली, गाठ बसली,
नजर माझ्याकडेच.

माझ्या तारेला गाठ लागत नाही.
व्होल्ट काढून घेतले
की ती आपली आपण सांधते.
हे सांगायचं राहिलं,
माग सुरू झाला होता.