खोलीचं तापमान

साठ, म्हणाले ते, टोपी काढून.
साठ लिटर. सात निऑन, आणि एक
तळ चाटत फिरणारा मिशाळ, ज्याचं नाव मला ठाऊक नाही.
वरच्या मजल्यावरचा क्सावेरी आयर्लंडला गेला,
जाताना टाकी दारात ठेवून गेला माझ्या.
हीटरही होता. फुटला. म्हणजे, मीच फोडला:
पाणी उपसलं, तो चालूच राहिला,
कोरडा तापला, आणि वरून गार बादली. टक्.
टक् त्यांनी जिभेनं वाजवलं.

वूचमध्ये त्या सोमवारी उणे नऊ होतं.
दुकानात गिऱ्हाईक नाही, नुसती फिल्टरांची बुडबुड.
मी तीन डबे मांडले.
काचेचा, स्वस्त, सांभाळला तर टिकणारा.
प्लास्टिकच्या जाळीतला, मिशाळाचं अंग पोळू न देणारा.
टायटॅनियमचा, तुम्हाला आणि मला पुरून उरेल असा.
त्यांनी चष्मा लावून पन्नास वॉट असं वाचलं,
औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं,
आणि हसू आलं त्यांना.

एकतीस वर्षं बॉयलरवर होतो, मुली.
निम्म्या शहराच्या रेडिएटरांतून माझं पाणी फिरायचं.
मेगावॉटमध्ये बोलायचो आम्ही,
आणि तेही 'मेगा' गाळून.

मग मी विचारलं, जे सगळ्यांना विचारते:
खोलीत किती असतं?
एकवीस.
झटकन आलं उत्तर, लोक आपलं वजन सांगतात तसं.

एकवीस ते पंचवीस, चार अंश. पन्नास पुरे.
बिल केलं. वॉरंटी कार्डावर त्यांनी
एकेक अक्षर कोरलं: झेनोन ग्राबार्चिक.
सुटे पैसे हातमोज्यात ओतले.
दाराची घंटी वाजली.
आणि पुन्हा वाजली.

पायपुसण्यावरूनच म्हणाले, सतरा.
रात्री सोळा.
रेडिएटरचा नळ पिळून ठेवतो मी.
एकटा माणूस, स्वेटर आहे.
पण मासे काही स्वेटर घालत नाहीत.

मी मान वर केली नाही.
काही हिशोब खाली बघूनच करायचे असतात.
सोळा ते पंचवीस, नऊ.
शंभर लागेल, म्हटलं.

शंभरचा एक नको, म्हणाले. पन्नासचे दोन.
आमच्याकडे एक बॉयलर कायम राखीव असायचा.
एक चालूच अडकला, तर पन्नासात रस्सा होत नाही माशांचा.
एक विझला, तर दुसरा सकाळपर्यंत रेटतो.

चार वर्षं हीटर विकतेय मी,
भिंतीवरचा तक्ता पाहून, लिटरला वॉट,
अंथरूण पाहून पाय.
रात्रीचं कुणी सांगितलं नव्हतं मला.

दुसऱ्याचा डबा फाटलाय, म्हटलं, निम्म्या किमतीत देते.
डबा मी काउंटरखाली फाडला.
पाइपांचे आवाज ऐकत एकतीस वर्षं काढलेला माणूस,
त्याला कागद फाटलेला ऐकू आला नसेल?
त्यांनी तो कोपरा अंगठ्यानं नीट दाबून बसवला.
काही बोलले नाहीत.

पाण्यात सोडल्यावर पाव तास थांबा, मगच प्लग.
पाणी बदलण्याआधी प्लग काढा.
हो, म्हणाले, कळलंय ते आता.
आणि थर्मामीटर वेगळा घ्या, तबकडीवर विसंबू नका.
तबकडीवर? मी?

मार्चमध्ये आले, खाद्य न्यायला.
गटारांत बर्फ वितळत होतं, टोपी खिशात होती.
निऑन सातच्या सात.
मिशाळ हीटरमागे झोपतो, लबाड.
खुर्ची तिकडेच ओढून घेतलीय त्यांनी,
वर्तमानपत्र आता टाकीच्या उजेडात वाचतात.

मी खोलीचं विचारणार नव्हते.
ते स्वतःच म्हणाले, नाणी मोजता मोजता:
साडेसतरा.
अर्धा अंश मासे देतात.