डब्यातली सायकल

मंडई उठली. पालांच्या जागी गवत अजून पिवळं,
तिथंच आम्ही नऊ बांबू रोवले.
पावतीबुकावर छापून आलं होतं: आयत्या वेळचा नाट्यमहोत्सव,
खाली बारीक अक्षरात, वर्ष तिसरे.
पहिल्या वर्षी संघ आले दोन. दुसऱ्या वर्षी पाऊस.

नियम एकच, कागद आणायचा नाही.
गावानं डालड्याच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या,
जे निघेल त्याचा खेळ करायचा, तिथंच, उभ्या उभ्या.
फत्तूजी लांजेवार म्हणाले,
"हे तं आमची खडी गंमतच हाय ना बाई,
नवं नाव कायले देऊन रायल्या?"
म्हटलं, नव्या नावाशिवाय ग्रामपंचायत खुर्च्या देत नाही.

मी धानगिरणीच्या काट्यावर बसते.
कोणाच्या पोत्यात किती ओल, हाताला कळतं.
संघांचं मात्र काही कळत नाही.
वडशाच्या पोरांनी अकरा जणांचं जेवण सांगितलं, आले चार.
साकोलीच्या मुली एका ऑटोत सात,
टपावर ढोलकी, आणि ढोलकी धरून आठवी.
लाखांदूरवाले दर अर्ध्या तासानं फोनवर "निघालोच",
आणि मागे भांडी घासल्याचा आवाज.
उर्मिलानं भाजीत मीठ टाकलं, मग मीही टाकलं.
बटाटे वाढवले. पुन्हा वाढवले.

रात्री कापलेल्या बांध्यांवरून वारा सुटला,
लोक चादरी घेऊन बसले, शेकोटीची जागा धरून.
पहिली चिठ्ठी: जावई.
हसले, पण जावयावर गाव नेहमीच हसतं.
दुसरी: तहसीलदार.
वडशाचे चौघेही तहसीलदार झाले, सही कोणीच करेना.
तिसरी लांबलचक निघाली.
चष्मा घरी राहिलेला, मी माइकवर अडखळत वाचली:
"मंडईत माझी सायकल गेली. हिरवी. घंटी नाही.
कॅरिअरला निळी दोरी. चैतराम उईके."

हा काही शब्द नव्हे, ही तक्रार.
मी घडी घालून डब्यात टाकणार,
तोवर टपावरून आलेली ती आठवी, प्रणाली कापगते,
पुढं आली, वाकली, आणि सायकल झाली.
साखळी दातांनी वाजवली.
दुसरी झाली चोर: सीट उंच म्हणून
मालकालाच शिव्या देणारी,
घंटी नाही म्हणून तोंडानं ट्रिंग ट्रिंग करत पळणारी.
नाल्याजवळ सायकल बसलीच.
"मले घरी सोड. चैतरामचा गुडघा दुखते."
चोर म्हणाला, "दुखते तं माहाही."
मग चोरानं सायकल खांद्यावर घेतली,
आणि खांद्यावरची सायकल रस्ता सांगू लागली.

मैदान फुटलं.
चैतराम हसता हसता खोकू लागला,
कोणीतरी त्याची पाठ चोळली.
चिंचेखालच्या अंधारातून एक हसू जरा उशिरा आलं.
मी तिकडं पाहिलं नाही.

लाखांदूर आलंच नाही.
रात्री दीडला लोक ओरडले, समिती उभी करा.
डब्यातून माझ्या नावावर निघालं: गिरणी.
मी काय केलं ते सांगत नाही.
चार मिनिटं होती. फत्तूजी म्हणतात, सहा.

सकाळी तूट काढली, तीनशे चाळीस,
लाखांदूरचं शिजलेलं जेवण धरून.
बांबू उपटायला गेलो तर
सातव्याला टेकून हिरवी सायकल,
दवानं भिजलेली.
हँडलला घंटी. कोरी, पिशवीतून काढायचीही राहिलेली.

चैतरामला बोलावलं.
त्यानं दोन फेऱ्या मारल्या, वाकून चाक दाबलं.
म्हणाला, "हे माही नोय बाई.
माहीले घंटी नोयती."
आणि कॅरिअरची निळी दोरी सोडून
पुन्हा बांधली, त्याच गाठीनं.