मडवळाची वही

मुरगाव हार्बरला, हॉटेलाच्या मागच्या अंगाला
माझ्या बापाची दगडी डोण होती,
तांब्याचे दोन हंडे, निळीची बाटली.
पुढच्या दारी काय चाललंय
ते आम्हाला चादरींवरून कळे.

गाडी आली की कोळशाची पूड.
कॅसलरॉकच्या बोगद्यांतला धूर
माणसं केसांतून घेऊन यायची, उशीवर ठेवायची
आणि पहाटे आगबोट धरायची, मोंबासा, बैरा.
बाप म्हणे, आफ्रिकेला निघालेला माणूस
पलंगाच्या कडेला झोपतो.
परत आलेला, मधोमध.

लिननच्या चादरी. कोपऱ्यात लाल दोऱ्याने
दोना एर्मेलिंदाने भरलेला खोलीचा आकडा,
एक ते चौदा, तेरा वगळून.
बापाला लिहिता येत नव्हतं.
आकड्याचं चित्र काढून पुढे टिंब द्यायचा.
टिंब कधी चुकलं नाही.

पंचावन्न साली गाडी थांबली.
मग धुतलेल्याच चादरी
पुन्हा धुवायला येऊ लागल्या.
दमट होतात रे, दोना सांगायची.
बापाला कळत होतं.
त्याने साबण निम्मा केला, मजुरीही निम्मी.
दोघं त्यावर कधी बोलली नाहीत.

एकसष्टच्या डिसेंबरात एका पाखल्याने
चार नंबरची चादर पडद्याच्या काठीला बांधली
आणि हात वर करून फलाटाकडे चालत गेला.
राज्य बदललं. चादर आली नाही.
बापाने टिंब दिलं, भोवती गोल काढला.

नंतर खाणींची धूळ.
ट्रकवाले, बार्जवरचे खलाशी, एका खोलीत सहा.
लाल माती निळीला दाद देईना,
चादरी गुलाबी होत गेल्या
आणि त्यात लाल आकडे बुडाले.
वही आता मी लिहायचो, चौथी शिकलेला.
माझ्या चुका व्हायच्या.

उतारूंच्या गाड्या वास्कोलाच थांबू लागल्या.
स्टेशनच्या खिडकीला फळ्या ठोकल्या.
हॉटेल त्यानंतरही उघडंच होतं,
कुणासाठी, ते विचारू नका.

लिलावाला मी गेलो होतो.
पलंग गेले, आरसे गेले,
जेवणाची घंटा एका बारवाल्याने नेली.
चादरींच्या गठ्ठ्याला बोली लागेना.
मी सोडून मोजल्या.
बारा.

घरी येऊन वही काढली.
त्या गोलाशेजारी, माझ्या अक्षरात, लिहिलं:
चार नंबर, येणे.