रिकामे दोर

माटोळीचं सामान आणायला निघालो
तेव्हा भाद्रपद नुकता लागला होता,
आणि खिशात काकांची यादी :
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, ठसठशीत अक्षरात
एकाखाली एक अठ्ठावीस नावं.
काहींपुढे पत्ताही.
हरणां (फुलं, जनावर नव्हे) : सड्यावर, मोठ्या कातळाच्या उगवतीला.
कांगलं : झरीच्या वर, करवंदीच्या जाळीत.
शेरवड : कुठेही.

शेरवड अजून कुठेही आहे.
पांढरी पानं हलवत वाटेवर उभी,
जणू काही झालंच नाही.

सड्यावर फोंडू भेटला, गुरं घेऊन.
म्हटलं, यंदा पाऊस भरपूर झाला म्हणे सावईवेऱ्यात.
"पडला," तो म्हणाला, "पण बसला नाही.
चार दिवसांत सगळा आला
आणि उभ्या उभ्या गेला, मंत्र्यासारखा."

पूर्वी बसायचा.
सड्याच्या खळग्यांत मांडी घालून
आषाढात बसला की श्रावण सरेपर्यंत.
कातळ त्याला घोटाघोटाने गिळायचा
आणि खाली आमच्या कुळागरात
वैशाखापर्यंत परत करत राहायचा.
दगडाला तहान असते म्हणून आपल्याला नसते,
काका म्हणत.

खळग्यांच्या काठाला सीतेची आसवं
नखाएवढी, जांभळी,
सुकून काळी पडलेली, इतक्या लवकर.
हरणां सापडली : चार.
दोन खुडली, दोन ठेवली बी धरायला.
मग पुढच्या वळणावरून मागे फिरलो
आणि आणखी एक खुडलं.
हे घरी सांगितलेलं नाही.

झरीच्या तोंडाशी हंसराज असायचा,
काळ्या देठांचा, सदा ओला.
लहानपणी वाटायचं, पाणी त्याच्यातूनच येतं.
आता दगडावर एक रेघ आहे फक्त,
पाणी कुठवर होतं ते सांगणारी.
रेघेच्या बरंच खाली दोन बोटं धार,
आणि तीही पावसाळ्यात.

उन्हाळ्यातल्या पाटाच्या पाळ्या अजून त्याच.
मंगळवारची रात्र आमची,
पहाटेपासून सगुण नायकाची.
तेवढ्या वेळात पाणी
वरच्या माडापासून खालच्या जायफळीपर्यंत जायचं.
गेल्या चैत्रात ते पोफळींच्या मधल्या रांगेत थांबलं.
मी आणि सगुण बॅटरी धरून बघत राहिलो :
पाणी पुढे सरकत नव्हतं,
जिथल्या तिथे मुरत होतं.
सगुण म्हणाला, माझी पाळी तू घे.
मी म्हटलं, माझीच तू घे.
घेण्यासारखं दोघांकडेही काही नव्हतं.
जायफळ आता फळ कोवळंच टाकते.
पायाखाली फुटतं.
वास मात्र पूर्ण येतो.

कांगलं नाहीच.
जाळी होती, जाळीत वेल होता,
ओढला तर हातात आला, सगळाच्या सगळा.
फोंड्याच्या बाजारात प्लास्टिकचं मिळतं,
साठ रुपये घोस, धुऊन पुन्हा वापरा.
ऋजुताने हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं,
"हुबेहूब आहे, बाबा."
खरं तर तिने खरं पाहिलेलंच नाही.
ठेवलं परत.

रात्री कुमयाच्या सालीचे दोर भिजत घातले.
सवयीने अठ्ठावीस कापले.
तोरंजन, अंबाडे, सुपारीचं शिपटं,
कवंडळ एक, तेही पोखरलेलं,
असं करत करत सतरा वस्तू बांधल्या.
उरलेले अकरा दोर सोडवायला
स्टुलावर चढलो, तर काकी म्हणाली, असू देत.
आणि खाली बसल्या बसल्या
एकेका दोराकडे बोट करून नावं घेत गेली.
सात आठवली.
आठव्यापाशी अडली,
जिभेवर आहे म्हणाली,
आणि मग स्वयंपाकघरात निघून गेली.

सकाळी भटजी आले, वर पाहिलं,
काही विचारलं नाही.
त्यांना पुढे आणखी नऊ घरं होती.

आरती सुरू झाली तेव्हा पंखा चालू राहिला होता.
भरलेले दोर हलले नाहीत.
रिकामे हलत होते.