डावखुऱ्याचं कीट

माळ्यावर होतं म्हणून महापुरात वाचलं.
खाली फ्रीज तरंगला, पेटी फुगून फुटली,
गावभागातल्या आमच्या भिंतीवर अजून
छातीएवढी एक तपकिरी रेघ आहे.
आणि वर, कोरडं ठणठणीत,
निनादचं कीट.

चेन ओढली तर जवसाच्या तेलाचा वास.
मुठीवर त्यानेच गुंडाळलेली सायकलची ट्यूब.
हेल्मेटच्या आत बॉलपेनने लिहिलेलं : बाद होऊ नको.
झाला नाही.
इंजिनिअर झाला.

फोनवर म्हणाला, देऊन टाक गं.
दोन मिनिटांनी पुन्हा त्याचाच फोन :
ग्लोव्हज डावखुऱ्याचे आहेत, सांग त्यांना.

एका पॅडचा पट्टा तुटलेला.
हरभट रोडच्या कोपऱ्यावर बाबूमामांनी शिवून दिला.
दातात दोरा धरून विचारलं, कोण खेळणार आता यानं?
म्हटलं, पोरं.
त्यांनी पैसे घेतले नाहीत.

तुंगच्या पुढे, कारखान्याच्या रस्त्याला
ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या.
तिथली पोरं उसाच्या दांडक्यानं खेळत होती,
डाव संपला की बॅट सोलून खात होती.
शिवकन्या, नऊ वर्षांची, कॅप्टन.
भावाला कडेवर घेऊनच टॉस उडवायची,
नाणं नव्हतं, चपलेचा.

पॅड तिच्या मांडीच्याही वर आले.
दोन पावलं चालली, पडली,
पडल्यापडल्याच हसायला लागली.
मी फोटो काढला नाही.
काढणार होते, खरं सांगते.
फोनचं चार्जिंग गेलं होतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, टेनिसचे सहा बॉल घेऊन.
दुपार होती. कोप्यांपुढे एक कोंबडी आणि धूर.
पोरं फडाच्या बांधावर, वाढे गोळा करत.
आणि फडात, पाचटीच्या करकरीत वाकलेली
त्यांची आई, मनकर्णा,
दोन्ही नडग्यांना पॅड बांधून.
डाव्या हातात ग्लोव्ह,
ज्या हाताने ऊस धरायचा तो हात,
ज्याच्याजवळून कोयता जातो.
डावखुऱ्यांच्या ग्लोव्हला
डाव्या अंगठ्यावर जास्तीची गादी असते.
मला हे चौदा वर्षं माहीत होतं,
म्हणजे नुसतंच माहीत होतं.

तरी क्षणभर,
लाज वाटते सांगायला,
राग आला.
म्हटलं, खेळायचं सामान हे.

शिवकन्या बांधावरून उतरली.
माझ्या तोंडाकडे बघून तिला काय कळलं कोण जाणे,
म्हणाली,
दिसभर मायचे असत्यात, दिस बुडाला की आमचे.
पाती लागंना झाली मायच्या पायाला.
मग बॉल मोजून घेतले. सहा.

संध्याकाळी थांबले.
ट्रक भरून गेल्यावर मनकर्णाने पॅड सोडले,
आतून ओले, बाहेरून काळे,
पट्ट्यात अडकलेलं पाचट तसंच.
पोरीने ते तसेच बांधले, आईच्या घामासकट,
ग्लोव्हज घातले आणि डावीने उभी राहिली.
मूळची उजवी आहे ती.
ग्लोव्हज डावे म्हणून डावीने शिकली.
पहिलाच बॉल तिने थेट बैलांच्या दावणीत मारला
आणि त्यावरून बराच वेळ भांडण झालं.

निनादने परवा विचारलं,
माझं कीट खेळतंय का कोणी?
म्हटलं, हो. पहाटे चारलाच उतरतं मैदानात.
म्हणाला, एवढ्या थंडीत?
मी म्हटलं, हो रे, दव असतं.
पुढचं सांगायला शब्द जुळवत होते,
तेवढ्यात त्याची मीटिंग सुरू झाली.

आता मीच मागत फिरते.
विश्रामबागच्या बंगल्यांत, क्लबात, कॉलेजच्या स्टोअरमध्ये :
जुने पॅड आहेत का, ग्लोव्हज, एकच असला तरी चालेल,
डावा.
लोक चांगले आहेत. माळ्यावर चढतात, धूळ झटकतात,
खाली वाकून विचारतात,
लहान साइज बघू ना? मुलं केवढी आहेत?

मी म्हणते,
अठ्ठावीस. तीस. एक पन्नाशीची आहे.