हेयमाइदी

यंदा स्कागाफ्योर्दुरला ऊन असं पडलंच नाही.
गवत कापलं, उलटलं, पुन्हा उलटलं,
आणि ऑगस्ट सरता सरता
आभाळाला शिव्या देत ओलसरच बांधून टाकलं.

आता जानेवारी.
अकराला उजाडतं, चारला मावळतं,
आणि मधल्या वेळात बाबा गठ्ठ्याची सुतळी कापतात.
गठ्ठा उकलतो तसा करडा धूर निघतो,
जाळाविनाचा.
दिव्याखाली कितीतरी वेळ तरंगत राहतो.
दिसतो सुंदर, हे कबूल करायला हवं.
सतरा घोडे माना लांबवतात,
आणि त्या धुरात बाबा
आपल्याच घरात असल्यासारखे.

रात्री आठाच्या सुमाराला हुडहुडी भरते.
घोंगडीवर घोंगडी.
सकाळी ताप उतरलेला असतो.
"वारं लागलं," म्हणतात.
फ्योर्डवरून येणारा तो बिचारा वारा
चाळीस वर्षं त्यांचे आळ झेलतोय.

ग्लोद खोकली तेव्हा मात्र घर हललं.
तांबूस घोडी. ग्लोद म्हणजे निखारा.
श्वास सोडताना तिचं पोट दोनदा आत जाई,
बरगड्यांखाली एक रेघ उमटली होती,
कुणी ओल्या मातीत बोट ओढावं तशी.
राग्नहेयदुर डॉक्टरीण तासभर गाडी हाकत आली,
बुटांवरचं बर्फ झटकलं,
घोडीच्या छातीला नळी लावून डोळे मिटले.
आम्ही सगळे गप्प.
मागे बाबा खोकले.
"शूऽ," ती म्हणाली, "ऐकू येत नाहीये."

मग म्हणाली: चारा भिजवून घाला.
खिडक्या उघडा, थंडीला ती भीत नाही.
झाडताना तिला आत ठेवू नका.
बाबांनी शब्दन् शब्द ऐकला.
घोडीला बाहेर नेलं, अंगावर पांघरूण घातलं,
परत येऊन दार लावून घेतलं
आणि झाडू लागले.

याला आमच्याकडे जुना शब्द आहे, हेयमाइदी.
हेय म्हणजे वाळलेलं गवत, माइदी म्हणजे धाप.
चर्चच्या वहीत आमच्या शेताच्या नावापुढे
तो तीनदा लिहिलाय,
तिन्ही वेळा निराळ्या हाताने.
बाबांना तो शब्द ठाऊक आहे.
मेलेल्या माणसांसाठी असतो, असं त्यांचं मत.

जिन्याच्या भिंतीला फोटो आहेत.
डिसेंबरात ते अकराव्या पायरीवरचा बघत थांबायचे,
आता सातव्या.
"हा कुणी काढलेला गं?" विचारतात,
आणि उत्तर द्यायला मी मुद्दाम वेळ लावते.

मी आणलेला मास्क खिळ्याला लटकतोय.
त्याच्यावर घोड्याचा एक केस बसलाय, बाकी नवा कोरा.
"तोंड झाकलं तर ओळखतील का मला?"
घोडे वासाने ओळखतात
हे त्यांनीच मला शिकवलं, मी पाच वर्षांची असताना.

ग्लोदची रेघ पुसट झाली. खोकला गेला.
मी मात्र सतराच्या सतरा जाळ्या
पाण्यात बुडवत राहिले.
"एवढं कशाला?"
"ग्लोदसाठी. बाकीच्यांची धूळ तिच्या नाकात जाते."
अर्धं खरं होतं.
बाबा बघत राहिले माझ्याकडे,
घोडा घेताना दात बघतात तसे.
मग काही न बोलता दुसरी बादली उचलली.
तीन पावलं. खाली ठेवली.
दम खाल्ला.
परत उचलली.

संध्याकाळी जाळ्यांतून पाणी ठिबकत होतं,
जमिनीवर पडता पडता गोठत होतं.
ग्लोद बर्फासकट कुरुमकुरुम खात होती.
दिव्याखाली काहीच तरंगत नव्हतं,
नुसता उजेड.
बाबा दारात उभे राहिले जरा वेळ.
"सुनंसुनं वाटतंय," म्हणाले.