किल्ली

पाटीवर लिहिलंय : हात लावू नका.
ही पाटी मीच रंगवली, चौदा वर्षांपूर्वी.
ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खाली
एक हात काढला, त्यावर फुली मारली.
आत, कातळावर, तसाच हात आहे.
फुली नसलेला.

रविवारी पाहुणे नसतात. आज आईला आणलं.
शहाऐंशी वर्षं तिनं या सेडरबर्गच्या पायथ्याशी काढली,
रॉयबॉसच्या पेंढ्या बांधल्या,
लाउबशर मालकाकडच्या चादरी धुतल्या.
केपटाउनची मंडळी आली की मालक त्यांना
चित्रं दाखवायला वर न्यायचा,
डब्यातली कोंबडी आई भाजून द्यायची.
डबा वर जायचा.

आता मालक नाही, त्याचा फार्मही नाही.
कुंपणाची किल्ली माझ्या कमरेला.
म्हटलं, एकदा तरी दाखवू,
एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, दुसऱ्यानं अजून भागतंय.
माझा भाचा डीवाल्ड तिला मागून धरायला गेला
तर म्हणाली, सोड, मी काय पोतं आहे?

गुहा कसली, पुढे झुकलेला एक खडक,
कडेला डासींनी पिढ्यान्‌पिढ्या मुतून केलेले पांढरे ओघळ.
मी सवयीनं सुरू केलं :
हा लाल रंग गेरूचा.
हे हत्ती. इथे आता हत्ती नाहीत.
ही माणसांची ओळ, नाचतायत किंवा चालतायत,
जाणकारांचं एकमत नाही.
हे खिळ्यानं कोरलेलं नाव कुण्या हेंड्रिकचं, ते मात्र सगळ्यांना वाचता येतं.
हे चित्र पुसट, कारण फोटो उजळ यावा म्हणून
पूर्वी लोक त्यावर पाणी मारायचे...

आई हं, हं करत होती,
परक्याच्या बैठकीत टेकल्यासारखी.
मग काठी आपटत सरळ डाव्या कोपऱ्यात गेली,
जिथे मी कुणाला नेत नाही
कारण तिथे दाखवण्याजोगं काही नाही.
वाकली. म्हणाली,
"अगंबाई, लंगडी आहे की अजून!"

मला दिसेना. टॉर्च तिरपा धरला.
बोटाएवढी एक बाई. पाठीला पिशवी.
एक पाय झिजलेला, की काढणाऱ्यानंच आखूड काढलेला.
चौदा वर्षं मी तिच्याकडे पाठ करून
पाण्याची बाटली उघडत आले.

"शेळ्या चारायचो आम्ही, मी आणि फ्याकी.
तार नव्हती तेव्हा.
गारा आल्या की इथेच घुसायचो.
आजी सांगायची, आधी लंगडीला नाव सांगायचं,
मगच बूड टेकायचं."
"कुठल्या भाषेत सांगायचं?"

आई थांबली.
मग जिभेनं टाळूवर एक आवाज काढला,
वाळकी काटकी मोडावी तसा.
आणि चटकन हात तोंडावर नेला,
शाळेत नेत असेल तसा.
डीवाल्ड हसला. मग त्याचं त्यालाच कळलं, गप्प झाला.

"मालकाला कधी सांगितलं नाहीस?"
"त्यानं विचारलं होतं?"
"आणि मला?"
"तू तर सगळं शिकून आलेलीस," आई म्हणाली,
"तीन आठवड्यांचं. कागदसुद्धा आहे तुझ्याकडे."
मग तिला चहाची तल्लफ आली.
उतरताना तिनं डीवाल्डचा हात धरला.
किल्ली फिरवायला मला वेळ लागला,
कुलूप तेच, तेल घातलेलं.

मंगळवारी सोळा जण आले, टोप्या, दुर्बिणी.
गेरू सांगितला, हत्ती सांगितले.
एका बाईनं डावीकडे बोट केलं : तिथे काय आहे?
"डासींच्या लेंड्या," मी म्हटलं.
ते सगळे पुढच्या खडकाकडे गेले.
मी मागे राहिले,
हळू आवाजात माझं नाव सांगितलं,
आणि बसले.